भांग आणि तिचे अनुपान

'भांगेत तुळस' हा वाक्प्रचार वर्गात आला की आपण त्याचा अर्थ सांगून पुढे जातो. हीन कुळात निपजलेली गुणी व्यक्ती, एवढे सांगितले की काम भागते. या वाक्प्रचारातली भांग पेल्यातली नसून रानातली आहे, इकडे सहसा लक्ष जात नाही. माजलेल्या निरुपयोगी रोपांच्या गर्दीत एखादे तुळशीचे रोप उगवावे, असे ते चित्र आहे. मराठी भाषकाच्या मनात भांग ही एक तण म्हणून आणि दुसरी कैफ म्हणून, अशा दोनच रूपांत उरलेली दिसते.

पाणिनीच्या काळी तिची स्थिती निराळी होती. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात शेतांची नावे कशी सिद्ध होतात हे सांगणारे एक सूत्र आहे. त्यात तीळ, उडीद, जवस आणि अणू नावाचे बारीक धान्य यांच्या पंक्तीला 'भङ्गा' बसलेली आहे. ज्याचे शेत असते ते पीक असते. तणाच्या शेताला कोणी नाव देत नाही. ही भंगा बहुधा धाग्यासाठी आणि बियांसाठी लावली जात असावी. काही झाले तरी वैयाकरणाला ती धान्य-गळितांच्या यादीत घालताना संकोच वाटलेला नाही.

तेव्हा प्रश्न असा, की भांग हे खाद्य आहे काय? आणि असल्यास तिच्यात पोषण किती? प्रश्न वरवर पाहता आहारशास्त्राचा वाटतो. परंतु भांगेविषयीचे जुने लिखाण वाचू लागले की तो इतिहासाचा होतो, कारण वेगवेगळ्या काळांतील लेखकांनी भांगेला जे पोषणगुण चिकटवले ते तपासताना त्या काळातला भरल्या पोटाचा माणूस आणि उपाशी माणूस हे दोघेही समोर येतात.

आरंभी थोडा हिशेब मांडायला हवा. भांगेचा अंमल ज्या द्रव्यामुळे चढतो त्या टीएचसीची रासायनिक रचना १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी निश्चित केली. ते द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात. दहा मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभरावा हिस्सा. एवढ्याशा पदार्थाचे उष्मांक धरायचे म्हटले तरी ते शून्यात जमा होतात. पेल्यात घोटलेली पानेही थोडीच असतात आणि पानांतून अंगी लागावे असे फारसे काही मिळत नाही. म्हणजे भांगेच्या पेयात किंवा मिठाईत जे उष्मांक असतात ते सर्व दुधाचे, तुपाचे, साखरेचे आणि सुक्यामेव्याचे असतात.

आपल्या वैद्यकाच्या परिभाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे: अनुपान. औषध ज्याच्यासोबत घ्यायचे तो मध, ते तूप, ते दूध. अनुपान औषधाला वाहून नेते; पण ते स्वतःही एक अन्न असते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात भंगा पाचक, ग्राही, उष्ण सांगितली आहे. ती मोह आणि मद वाढवते तशी वाचा आणि वह्नीही वाढवते असे भावमिश्र म्हणतो. वह्नी म्हणजे जठराग्नी. येथे भांग पोषण करते असे म्हटलेले नाही. ती भूक प्रदीप्त करते असे म्हटले आहे, आणि या दोन विधानांतले अंतर आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. भूक वाढवणारे द्रव्य अन्नाची मागणी करते. ते अन्न पुरवत नाही. आधुनिक वैद्यकानेही हा गुण मान्य केला आहे: टीएचसीचे कृत्रिमरीत्या बनवलेले रूप अमेरिकेत १९८५ साली कर्करोगाच्या औषधोपचारातील मळमळीसाठी आणि १९९२ साली एड्सच्या रुग्णांची गेलेली भूक परत यावी म्हणून मंजूर झाले.

हे अंतर ज्यात प्रत्यक्ष दिसते असा एक जुना ग्रंथ आपल्याच परिसरात छापला गेला. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि अखेरपर्यंत, म्हणजे १५६८ पर्यंत, इथेच राहिला. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यात प्रसिद्ध झाले. त्यातला एक संवाद 'बांग'विषयी आहे. त्यात दोन प्रकारची माणसे भांग सेवन करताना भेटतात.

पहिला आहे गुजरातचा सुलतान बहादूरशाह, ज्याने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली तोच. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण पाहावेसे वाटले तर आपण थोडी भांग खातो, असे त्याने मार्तीम आफोन्सो द सौझा या पोर्तुगीज सेनानीला सांगितल्याचे ऑर्ता लिहितो. सुलतानाची भांग साखर आणि सुगंधी मसाले घालून केलेल्या पाकाच्या रूपात असे. त्या पाकाचे ऑर्ताने दिलेले नाव म्हणजे आपले माजूम. मूळ अरबी शब्द 'माजून', म्हणजे मळून, तिंबून केलेले. दुसरी माणसे आहेत ऑर्ताच्या घरचे नोकर. ते मालकाला नकळत भांग घेत. काम केल्याचे जाणवत नाही, मन आनंदी होते आणि खायची इच्छा होते, असे त्यांनी त्याला सांगितले.

दोन्ही नोंदी एकाच संवादात आहेत आणि वनस्पतीही एकच आहे. सुलतानाची भूक चाळवली तर मुदपाकखाना सज्ज असणार. नोकराला श्रम जाणवेनासे झाले तरी शरीराने खर्च केलेले उष्मांक खर्च झालेलेच असतात, वर भूक मात्र वाढलेली. ती भागवायला त्याच्या वाट्याला काय येत होते याची नोंद ऑर्ताने केलेली नाही. भांगेच्या इतिहासातला हा रिकामा कोपरा आहे आणि तो पुढेही रिकामाच राहिलेला दिसतो.

माजुमाचा पहिला तपशीलवार हिशेब मिळतो तो १८३९ साली कलकत्त्यात. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हा तेथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारा आयरिश डॉक्टर. भांग-गांजाच्या औषधी उपयोगांवरील त्याच्या निबंधामुळे हे द्रव्य युरोपीय वैद्यकात गेले. त्या निबंधात त्याने माजूम तयार होताना पाहून कृती नोंदवली आहे. आपल्याला त्यातली मापे पुरेशी आहेत: दोन पौंड साखर, चार औंस तूप, चार औंस वाळवलेले दूध, आणि शेवटी गुलाबाच्या अत्तराचे थेंब. पाक थंड ताटलीत ओतून त्याच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडीत. एक शेर माजूम चार रुपयांना विकले जाई. नवख्या माणसाला एक ड्रॅम पुरे, सरावलेल्याला तीन ड्रॅम, असेही तो सांगतो.

ओशॉनेसीच्या काळी अन्नाचे उष्मांक कोणी मोजत नव्हते. आपण आज ते मोजू शकतो. दोन पौंड साखरेचे सुमारे ३६००, चार औंस तुपाचे सुमारे १०००, वाळवलेल्या दुधाचे पाचशेच्या आसपास. सगळा घाणा साधारण पाच हजार उष्मांकांचा आणि वजनाला सव्वाअकराशे ग्रॅमच्या जवळपास. म्हणजे दर ग्रॅमला साडेचार. औषधी ड्रॅम सुमारे ३.९ ग्रॅमचा धरला तर नवख्याला झिंगवणाऱ्या वडीत अठराच्या आसपास उष्मांक होते, आणि सरावलेल्याच्या तीन ड्रॅममध्ये पन्नासच्या थोडे वर. एका चमचा साखरेत जेवढे असतात तेवढेच जवळजवळ त्या पहिल्या वडीत.

याच्या शेजारी भांग घातलेल्या थंडाईचा एक पेला ठेवून पाहावा. दोनशे मिलिलिटर सायीचे दूध, पंचवीस ग्रॅम साखर, आणि बदाम, पिस्ते, मगज, खसखस मिळून पंधरा ग्रॅम असे धरले, तर पेला साडेतीनशे उष्मांकांच्या घरात जातो. हे एका छोट्या जेवणाएवढे झाले. दोहोंत कैफ सारखाच असू शकेल. उष्मांकांत वीसपट अंतर आहे. थंडाईचे पेले पोट भरले की आपोआप थांबण्याचा संभव तरी असतो. माजुमाच्या वडीने पोट भरत नाही, आणि खाल्लेल्या भांगेचा अंमल जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात, त्यामुळे पहिली वडी 'लागली नाही' म्हणून दुसरी उचलली जाते. उष्मांक आणि कैफ यांची मापे परस्परांशी जुळत नाहीत, ही गोष्ट हलवायाच्या ताटलीतच दडलेली होती.

भांगेच्या थंडाईला पौष्टिक म्हणण्याची प्रथा कोठून आली असावी, हेही या हिशेबावरून समजते. ज्याला दूध, बदाम आणि साखर परवडत होती त्याची भांग पौष्टिक ठरली. ज्याने तीच पाने मिऱ्यांबरोबर वाटून पाण्यात घेतली त्याच्या पदरात कैफ पडला, पोषण नाही. आणि ज्याने गांजा चिलमीत घातला त्याला अनुपानच नव्हते. भांग पिणारा आणि गांजेकस यांच्या प्रतिष्ठेत आपल्या समाजाने जो फरक केला त्याला धार्मिक कारणे होती, अंमलाच्या तीव्रतेचेही कारण होते. पण दुधाच्या पेल्याने दिलेली प्रतिष्ठा या कारणांत मिसळलेली आहे हे विसरता येत नाही.

१८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत विल्यम केन या मद्यपानविरोधी सदस्याने प्रश्न उपस्थित केल्यानंतर हिंदुस्थान सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, एकूण सात सदस्य, त्यांतले तीन हिंदी. ११९३ साक्षी नोंदवल्या गेल्या आणि १८९४ मध्ये अहवाल आला. मर्यादित सेवनाने सर्वसाधारणपणे हानी होत नाही, संपूर्ण बंदी करू नये, कर आणि परवाने यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. साहित्याच्या अभ्यासकांना या अहवालात रस वाटण्याचे एक कारण असे, की जॉर्ज ग्रियर्सनने त्यासाठी संस्कृत आणि हिंदी वाङ्मयातील भांगेच्या उल्लेखांवर टिपण लिहून दिले होते.

आयोगाने साक्षीदारांना पाठवलेल्या प्रश्नावलीत सत्तर प्रश्न होते. एकेचाळिसावा प्रश्न असा, की या द्रव्यांचे मर्यादित सेवन अन्नाला पूरक किंवा पाचक म्हणून, अतिश्रमात टिकाव धरण्यासाठी, किंवा हिवतापाच्या प्रदेशात ज्वरनिवारक म्हणून हितकर आहे काय? प्रश्न चाणाक्ष आहे. 'अन्न' असे न म्हणता 'अन्नाला पूरक' असे म्हटले आहे. ऑर्ताच्या नोकरांनी सांगितलेले श्रम आणि भूक हे दोन्ही अनुभव सव्वातीनशे वर्षांनी सरकारी प्रश्नाच्या रूपात पुन्हा उभे राहिले.

याच अहवालाला जोडलेले दुसरे एक टिपण आपल्या अधिक जवळचे आहे. ते मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांचे. हिंदूंच्या धर्मजीवनातील भांगेच्या स्थानाविषयी त्यांनी सहानुभूतीने, जवळजवळ भक्तिभावाने लिहिले आहे. बंदीला विरोध करताना ते अखेरीस म्हणतात, की भांगेच्या आधारावर तपस्वी अन्नपाण्यावाचून दिवस काढतात, आणि दुष्काळाच्या हालांतून भांगेने कित्येक हिंदू कुटुंबांना सुखरूप पार नेले आहे.

या विधानापाशी थांबणे भाग आहे. टिपण लिहिले गेले तेव्हा १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ लोकांच्या आठवणीत ताजा होता. दख्खनेने त्यात काय भोगले हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने निषेध नोंदवला, आणि मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी एवढ्या धान्यावर राबणारे शरीर टिकत नाही असे बजावले. एक पौंड धान्याचे आजच्या हिशेबाने होतात सुमारे सोळाशे उष्मांक, तेही खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या माणसाला.

या पौंडभर धान्याच्या शेजारी भांगेचा पेला ठेवला तर त्याने कोणाला पार नेले असेल? दुष्काळात दूध नाही, तूप नाही, साखर नाही. अनुपान गेल्यावर उरतात ती पाने, आणि पानांत उष्मांक नाहीत. भांगेने यातना काही काळ बोथट केल्या असतील, झोप आणली असेल. ज्याची भूक तिने उलट चेतवली असेल त्याचे हाल अधिकच झाले असतील. कॅम्बेल यांचा हेतू वाईट नव्हता. लोकांच्या एका श्रद्धेची ते बाजू घेत होते. परंतु दुष्काळातून माणसाला अन्न पार नेते, आणि अन्न पुरवण्याची जबाबदारी राज्यकर्त्याची असते. ती जागा भांगेला देणारे वाक्य कितीही सहृदय असले तरी ते त्या जबाबदारीवर पांघरूण घालते.

योगायोग असा, की याच दशकात अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर अन्नाचे उष्मांक मोजण्याची पद्धत पक्की करत होते. प्रथिने आणि कर्बोदके यांचे ग्रॅमला चार, स्निग्धाचे नऊ, हे आजही पाकिटांवर वापरले जाणारे आकडे त्यांच्याच संशोधनातून आले. मद्यार्क शरीरात जळून ऊर्जा देतो हेही त्यांनी दाखवले; तो ग्रॅमला सात उष्मांक देतो. त्यामुळे तिथले मद्यविरोधक त्यांच्यावर संतापले. दारूला अन्नाच्या कोष्टकात स्वतःची रकाना मिळाली. भांगेला ती मिळू शकत नाही. दारू घातक असूनही तिच्यात उष्मांक आहेत. भांगेचे सगळे उष्मांक उसने आहेत.

हे उसनेपण युरोपातही तसेच पोहोचले. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये थिओफील गोतिये आणि त्याचे सोबती ज्या हिरव्या पाकाचे सेवन करत तो उत्तर आफ्रिकेकडून आलेला, लोणी, साखर, पिस्ते आणि मसाले घातलेला, म्हणजे माजुमाचाच भाऊबंद होता. १९५४ साली ॲलिस बी. टोक्लस यांच्या पाककृतींच्या पुस्तकात ब्रायन गायसिन या चित्रकाराने दिलेली 'हशीश फज'ची कृती छापली गेली. तिच्यात खजूर, अंजीर, बदाम, शेंगदाणे, लोणी, साखर, मिरी, दालचिनी, जायफळ आणि धने आहेत, चॉकलेट नाही. चॉकलेटच्या ब्राउनीशी टोक्लस यांचे नाव जोडले गेले ते १९६८ च्या एका चित्रपटानंतर. यादी पाहिली की कोणत्याही मराठी गृहिणीला ती डिंकाच्या लाडवांच्या जवळची वाटेल.

आज कॅनडात असे खाद्यपदार्थ कायद्याने विकले जातात. ऑक्टोबर २०१९ पासून तेथे एका पाकिटात दहा मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी चालत नाही, आणि पाकिटावर पोषणाचे कोष्टक छापावे लागते. चार-पाच ग्रॅमच्या साखरेच्या वडीत पंधरा-वीस उष्मांक, म्हणजे जवळपास ओशॉनेसीच्या एका ड्रॅमइतके. ते कोष्टक प्रामाणिक असते, पण ते अनुपानाचे असते. वडी खाऊ समजून तोंडात टाकणाऱ्या लहान मुलाचे रक्षण उष्मांकांचा आकडा करत नाही. ते काम मिलिग्रॅमचा आकडा, न उघडणारे झाकण आणि उंच फळी यांनाच करावे लागते.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चरस आणि गांजा यांवर बंदी घातली, परंतु शेंड्यांवेगळी पाने आणि बिया यांना गांजाच्या व्याख्येतून वगळले. भांगेचे नियमन राज्यांकडे राहिले. बियांची कथा मात्र अगदी वेगळी आहे. कुमाऊँ-गढवालात भांगेच्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते. सोललेल्या शंभर ग्रॅम बियांत सुमारे ५५० उष्मांक, ३१ ग्रॅमच्या वर प्रथिने आणि ४८ ग्रॅमच्या वर स्निग्धांश असतो, आणि कैफ नसतो. २०२१ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत किलोमागे पाच मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी असता कामा नये, अशी अट घातली. पाणिनीच्या सूत्रातली भंगा तिळाच्या पंक्तीला का बसली होती, हे या आकड्यांवरून उमगते.

एकाच रोपाच्या बिया अन्न आहेत आणि पाने अन्न नाहीत, एवढे म्हटले की आहारशास्त्राचा प्रश्न संपतो. वाङ्मयाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाचा संपत नाही. जुन्या ग्रंथात, प्रवासवर्णनात किंवा सरकारी टिपणात भांगेचे गुण वाचताना त्या पेल्यात आणखी काय होते आणि तो पेला कोणाच्या हातात होता, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. बहादूरशाहाच्या माजुमातली साखर ऑर्ताने नोंदवली. त्याच्या नोकरांची भूकही नोंदवली. त्या नोकरांनी त्या रात्री काय खाल्ले, हे आपल्याला दुसऱ्या कोणत्या तरी कागदांत शोधावे लागणार आहे.